मोटार म्हणून खोडलेला आवाज

हिंगोली
१२ जानेवारी २०२५

आदरणीय किशनराव सर,

सविनय जयभीम.

परवा संध्याताईंचा नागपूरहून फोन आला होता. म्हणाल्या, "बाबांना फोनवर आता काहीच कळत नाही. कानातलं मशीन नुसती शिट्टी मारतं. तू कागदावर लिही, कागद ते तीन-तीनदा वाचतात." म्हणून हे पत्र. पेनने लिहायची सवय मोडली आहे, अक्षर लावून घ्या.

पहिली बातमी तुम्हाला अपेक्षितच असेल. आपली देवमासा प्रयोगशाळा ३१ मार्चला बंद होत आहे. किनाऱ्यावरून समुद्राच्या आवाजांच्या डिस्क येणं थांबून दोन वर्षं झाली, आणि प्राचार्यांना ती खोली स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेसाठी हवी आहे. मी फार भांडले नाही. खरं तर मुळीच भांडले नाही. सकाळी आईचं सगळं आवरायचं, मग सिद्धेश्वरच्या रस्त्याची एसटी, वर्गावर चार तास, मूल्यांकन समितीच्या फायली, आणि आठवड्यातून एकदा वरच्या खोलीचं कुलूप काढून हेडफोनवरची धूळ पुसायची. प्राचार्य म्हणाले, "म्याडम, हिंगोली जिल्ह्यात देवमासा, हे समितीला सांगायचीबी लाज वाटते हो." मी हसले. पूर्वी अशा वाक्याला माझ्याकडे उत्तर असायचं.

बंद करताना एक शेवटचा अहवाल द्यायचा आहे. प्रयोगशाळा कशी सुरू झाली, काय काम केलं, काय निष्पन्न झालं. सुरुवातीचा भाग तुम्हीच लिहून पाठवाल का?

पण पत्राचं खरं कारण दुसरं आहे. आपल्याच खोलीत शिकलेला रत्नपाल आता केरळात देवमाशांच्याच आवाजांवर काम करतो. किनाऱ्यावरच्या लोकांकडे त्याला आपल्या २०१४ च्या एका डिस्कची प्रत सापडली. आपण ऐकण्याआधीची, काहीही न खोडलेली. त्यानं ती संगणकातून काढली आणि मला कळवलं की आपण वहीत ज्याच्यापुढे 'मो' लिहीत होतो, म्हणजे बोटीची मोटार, आणि जो आवाज डिस्कवरून पुसून टाकत होतो, त्यातला बराचसा आवाज मोटारीचा नाहीच. तो निळ्या देवमाशाचा आहे.

त्यानं तुकडा पाठवला होता. मी दार लावून ऐकला. कुरुंद्याला आमच्या हळदीच्या शेतात विहिरीवर मोटार होती. लाईट कमी दाबानं आली की ती उचलायची नाही, नुसती कण्हत राहायची, आणि दादा धावत जाऊन खटका पाडायचे. तसाच आवाज, सर. हुबेहूब. मीही पाच वर्षं तुमच्या शेजारी बसून ऐकलं आहे आणि मला प्रत्येक वेळी मोटारच ऐकू आली. समुद्राकाठच्या माणसाला कदाचित शंका आली असती. आपल्याकडच्या माणसाला ती यायची कुठून?

२०१६ च्या आपल्या निबंधात आपण लिहिलं, 'या पट्ट्यात निळा देवमासा हिवाळ्यात येत नाही.' ते वाक्य पुढे एका नियोजित बंदराच्या पर्यावरण अहवालातही वापरलं गेलं, हे रत्नपालनेच कळवलं.

अहवालात हे कसं लिहू? तुम्ही सांगाल तसं करीन.

तुमची,
करुणा पाईकराव


नागपूर
२४ जानेवारी २०२५

प्रिय करुणा,

जयभीम. तुझं पत्र पोचलं. संध्या म्हणाली ते खरं आहे, मी ते तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचायला घेतलं तेव्हा तिनं चष्मा काढून नेला.

सुरुवातीचं विचारतेस. लिहितो, तुला हवं ते घे.

२००९ मध्ये मी एका प्रशिक्षणाला कोकणात गेलो होतो. तोवर माझं सगळं आयुष्य सिद्धेश्वर धरणातल्या माशांवर गेलेलं. रोहू, कटला, मरळ. एका पहाटे किनाऱ्याला मेलेला देवमासा लागला म्हणून आम्हाला दाखवायला नेलं. लोक त्याच्याभोवती उभे राहून फोटो काढत होते. मी त्याच्या डोळ्याकडे पाहत राहिलो, माझ्या मुठीएवढाही नव्हता. तिथल्याच एका गृहस्थांनी नंतर मला त्यांचं कपाट उघडून दाखवलं. पाण्याखाली माइक सोडून भरलेल्या डिस्क, वरपासून खालपर्यंत. म्हणाले, "भरतो आम्ही, पण ऐकायला माणूस नाही. आमची पोरं मुंबईला." मी म्हणालो, आमच्याकडे समुद्र नाही, पण ऐकायला माणसं आहेत. असं बोलून गेलो आणि मग ते निभवावं लागलं.

डिस्क बिस्किटाच्या डब्यातून एसटी पार्सलनं यायच्या, आठवतं? ऐकून, नको तो आवाज पुसून, जागा मोकळी करून परत पाठवायच्या. ग्रंथालयावरची ती खोली, खिडक्यांना आतून वाकळा ठोकलेल्या. लाईट असली की आजूबाजूच्या सगळ्या शेतांतल्या मोटारी, पिठाची गिरणी, वरचा पंखा, काही ऐकू येत नसे. लाईट गेली की सगळा मुलूख गप्प व्हायचा आणि आपण बॅटरीवर काम सुरू करायचो. अख्खा जिल्हा भारनियमनाला शिव्या द्यायचा आणि आपण वेळापत्रक भिंतीवर लावून त्याची वाट पाहायचो.

पारूचंही लिही. पारुबाई चव्हाण, धरणाकडच्या तांड्यावरची. रोजंदारीवर झाडायला यायची. एकदा मी पोरांना शिकवायला आवाज स्पीकरवर लावला होता. केर काढता काढता म्हणाली, "सर, तीनदा साखळी वाजली, तुमच्या पोराईनं दोनदाच लिहिली." मी पुन्हा लावून पाहिलं. तीनदा. दुसऱ्या दिवशी तिला खुर्ची दिली. दोन पोरांचं दिवसाचं काम ती अर्ध्या दिवसात करायची. 'मा' मासे, 'सा' नांगराची साखळी, 'पा' पाऊस, 'मो' मोटार, आणि फार क्वचित 'दे'.

आता तुझा प्रश्न. करुणा, आपण साधनं नसताना काम केलं. पारूचा कान चांगला होता, पण शेवटी तो माणसाचा कान. 'ऐकण्यातील मानवी मर्यादा' एवढं लिही आणि रत्नपालचं पत्र जोड. कुणाचं नाव घेऊ नकोस. बंद होणाऱ्या खोलीत आता कशाला उकरायचं?

आईला विचारलं म्हणून सांग.

तुझा,
किशनराव खिल्लारे


हिंगोली
१० फेब्रुवारी २०२५

आदरणीय सर,

सविनय जयभीम. तुमचा इतिहास जसाच्या तसा अहवालात घेतला. डोळ्याचं वाक्य टाइप करणाऱ्यानं वगळलं होतं, मी परत घातलं.

'मानवी मर्यादा' मात्र चाललं नाही. प्राचार्यांनी तो शब्द लाल पेनानं गोल केला. "म्याडम, मर्यादा कुणाची? चुकीचा निष्कर्ष कॉलेजच्या नावानं छापला गेलाय. उद्या समितीनं विचारलं तर कुणाकडं बोट दाखवू?" मग त्यांनी जुन्या वह्या मागवल्या. अकरा वर्षांच्या वह्या, सर, आणि दर तीन पानांपैकी दोन पानांच्या कोपऱ्यात एकच सही, 'पा. च.' त्यांना बोट दाखवायला जागा सापडली. अप्रशिक्षित कर्मचाऱ्याची चूक. प्रयोगशाळा बंद करायलाही ते कारण बरं दिसतं.

पारुबाई २०१८ ला कायम झाली आणि या मेअखेर निवृत्त होते. तिच्या सेवापुस्तकात शेरा मारायचा म्हणतात. विभागप्रमुख म्हणून टिपणावर माझी सही लागेल.

मी तिला बोलावून घेतलं. आता ती मुलींच्या वसतिगृहाकडे आहे. हात ओले होते, पदराला पुसत आली. मी रत्नपालचा तुकडा तिला ऐकवला. तिनं हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरले, डोळे मिटले, पूर्वीसारखेच. बराच वेळ ऐकलं. काढून ठेवले आणि म्हणाली, "व्हय."

"व्हय काय? ओळखीचा आहे का आवाज?"

"ओळखीचा काहून नसंल? लय बारीनं ऐकला."

"मग मोटार काहून लिहिलं, पारुबाई?"

"लिहिलं," म्हणाली. "माह्याच हातची खूण हाये ना, मंग माहीच चूक. तुमाला जे लिहायचं ते लिहा म्याडम. मला पानी सोडायला जायचंय, टाकी भरायची."

मी चिडले. तिनं रडावं, भांडावं, निदान सांगावं की मला कुणी शिकवलंच नाही, असं मला वाटत होतं. माझ्यावर सगळं टाकून ती टाकी भरायला निघून गेली. आणि एक कबुली तुम्हालाच देते. ती गेल्यावर मला क्षणभर हायसं वाटलं. एक नाव मिळालं होतं, आणि ते माझं नव्हतं.

त्या भावनेनं मी दोन दिवस धड जेवले नाही. पण ती आली होती, हे खरं.

सर, तुम्ही तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखता. मी सही करू का?

तुमची,
करुणा


हिंगोली
८ मार्च २०२५

आदरणीय सर,

जवळजवळ महिना झाला, तुमचं उत्तर नाही. संध्याताईंना विचारलं तर म्हणाल्या, "पत्र मिळालंय. उशीखाली ठेवलंय. बोलत नाहीत." तब्येत सांभाळा.

आज कॉलेजात महिला दिन होता. पारुबाईला गुलाबाचं फूल आणि नारळ दिला. वसतिगृहातल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. प्राचार्यांनी 'आमच्या संस्थेचा कणा' असं भाषण केलं आणि खाली उतरल्यावर मला विचारलं, "ते टिपण झालं का?" तीही तिथंच उभी होती. तिनं ऐकलं. तिला काय ऐकू येत नाही?

जाताना मला म्हणाली, "नारळ तुमी घेऊन जा म्याडम, आईला वडी करून घाला. आमच्या घरी दोन हायेत."

मुदत २० तारखेची आहे. मला उत्तर सापडत नाही आणि शोधायचं बळही राहिलेलं नाही. तुम्ही लिहिलं होतं, उकरायचं कशाला. तुमचं मौन मी तसंच समजते आणि सही करते. शेरा सौम्य भाषेत असेल एवढं पाहीन.

तुमची,
करुणा


नागपूर
१४ मार्च २०२५

करुणा,

सही करू नकोस.

हे पत्र स्पीड पोस्टनं पाठवतो आहे. सोबत प्राचार्यांच्या नावे वेगळा कागद आहे, माझ्या सहीचा. तो आधी त्यांच्या टेबलावर ठेव, मग हे पुढे वाच.

डिसेंबर २०१३. दुपारी लाईट गेलेली, पोरांची सहल होती, खोलीत मी आणि पारू. तिला खुर्चीवर बसून हे तिसरं वर्ष होतं. ऐकता ऐकता तिनं हेडफोन काढले आणि म्हणाली, "सर, हे मोटार न्हाई."

मी विचारलं, कशावरून.

म्हणाली, "मोटार लाईट आली की सुरू व्हती अन् गेली की बंद. मंग कवा सुरू व्हईल ते कुनाच्या बापाला ठाव नसतं. हे बराबर टायमाला बोलून राहिलं. बोलतंय, थांबतंय, तेवढंच थांबून पुन्हा बोलतंय. मोटारीला असा दम धरता येत न्हाई."

आता हे वाक्य लिहिताना माझ्या लक्षात येतं की मी आयुष्यात ऐकलेलं ते सर्वांत शास्त्रीय वाक्य होतं. त्या वेळी मी हेडफोन घेतले, कानाला लावले, आणि मला काहीच ऐकू आलं नाही. मोटार नाही, मासे नाहीत, काहीच नाही. त्या वर्षी माझे कान जायला लागले होते. वर्गात मागच्या बाकावरचा प्रश्न कळायचा नाही, घरी संध्या दोनदा हाका मारायची. मी कुणाला सांगितलं नव्हतं. ऐकण्याच्या प्रयोगशाळेचा प्रमुख, आणि बहिरा. कुणीही हसलं असतं.

ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी म्हणालो, "मोटारच आहे. लिही, मो."

ती म्हणाली, "सर, अजून एकडाव ऐका."

मी म्हणालो, "पारू, ऐकायचं काम तुझं. ठरवायचं काम माझं."

तिनं लिहिलं. दुसऱ्या दिवशी मी भिंतीवर नियमच लावला, 'खोल घरघर = मो.' तू त्याच नियमावर शिकलीस आणि त्यावरच पोरांना शिकवलंस. तुझा काही दोष नाही, आणि तिचा त्याहून नाही. त्यानंतर तिनं एकदाही विषय काढला नाही. हळूहळू मीही स्वतःला पटवलं की ती मोटारच होती. जे ऐकलंच नाही त्याबद्दल माणूस फार ठाम होऊ शकतो.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला कळलं होतं. तरी मी तुला कपाटाच्या आणि वाकळांच्या गोष्टी लिहिल्या आणि 'शेवटी तो माणसाचा कान' असं तिच्याबद्दल लिहिलं. ते वाक्य तुझ्याकडे असेल तर फाडून टाक. नको, फाडू नकोस. राहू दे.

'माह्याच हातची खूण हाये' हे तिचं म्हणणं तू लिहिलंस, तेव्हापासून मला झोप नाही. महिनाभर धीर गोळा करत होतो. तुझं सहीचं पत्र आलं नसतं तर कदाचित अजूनही करत बसलो असतो.

किशनराव


हिंगोली
३ एप्रिल २०२५

आदरणीय सर,

सविनय जयभीम.

तुमचा कागद मी पोचल्या दिवशीच प्राचार्यांपुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "खिल्लारे सरांनी असं लिहायची काय गरज होती? त्यांचा सत्कार आपणच केला होता." मी म्हणाले, सत्काराचा फोटो भिंतीवर राहू द्या, टिपण फाडा. माझा आवाज मलाच जरा मोठा वाटला. त्यांनी फाडलं. सेवापुस्तक कोरं राहिलं. ते मी स्वतः पाहून आले, मगच तुम्हाला लिहिते आहे.

अहवालात तुमची कबुली जशीच्या तशी गेली. २०१६ चा निष्कर्ष मागे घेत असल्याचं पत्र रत्नपाल नियतकालिकाला आणि त्या बंदराच्या समितीला पाठवतो आहे. त्यानं काय होईल माहीत नाही. फार काही होणार नाही, असं तोच म्हणतो.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायलाच हवी. डिस्कवरचे आवाज आपण पुसले, ते गेले. एका प्रतीशिवाय काही उरलं नाही. पण पुसायचा तुकडा कुठून कुठवर, हे कळावं म्हणून वहीत प्रत्येक 'मो'च्या पुढे मिनिटं लिहायची तुमची शिस्त होती. तुमचं पत्र वाचल्यावर मी पारुबाईचं वाक्य मनात धरून एक वही उघडली. काही 'मो' कशाही वेळी आहेत, लांब, आखूड, वेडेवाकडे. त्या खरोखरच्या बोटी. आणि काही पानांवर सहा मिनिटं, आठ मिनिटं, दहा, बारा, चौदा, अशी तासभर ओळ. बराबर टायमाला. आपण त्याला मोटार म्हणत होतो आणि त्याचं येणं-जाणं मिनिटामिनिटानं लिहूनही ठेवत होतो.

एकोणीस मार्चपासून रोज दुपारी पारुबाई आणि मी ग्रंथालयाच्या व्हरांड्यात बसून ती पानं वेगळी करतो. ती बोट ठेवते, मी आकडे उतरवते. मी अडखळले तर म्हणते, "म्याडम, तुमी पगारावर हायेत ना? मंग जरा भरभर." आतापर्यंत चार हिवाळे झाले. चारही हिवाळ्यांत आहे.

३१ तारखेला खोली रिकामी केली. वाकळा काढल्या तेव्हा खिडकीतून एवढा उजेड आत आला की आम्ही दोघी गोंधळलो. अकरा वर्षांत तिथली फरशी मी कधी पाहिली नव्हती, हिरवी आहे. आता तिथं टेबलं लागली आहेत आणि पोरं चालू घडामोडी पाठ करतात. मला वाटलं होतं मी रडेन. मला फक्त बसायला खुर्ची हवी होती.

तुमच्या पत्राची झेरॉक्स मी पारुबाईला दिली. वाचून दाखवू का विचारलं. म्हणाली, "मला येतं वाचता. चौथी झालेले हावो मी." व्हरांड्याच्या पायरीवर बसून तिनं ओळीखाली बोट धरून वाचलं, पाऊण तास लागला. मग घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि वही पुढे ओढली. त्या दिवशी तिनं नेहमीपेक्षा जास्त पानं केली. मला वाटतं सर, तिचं समाधान झालं. तुम्हीही आता मनावरचा भार उतरवा आणि नीट झोपा.

तुमची,
करुणा

ता. क. : हे पाकीट बंद करत होते तेव्हा पारुबाई आली आणि तिनं स्वतः लिहिलेला एक कागद दिला. म्हणाली, "ह्याच्यातच घाला, तिकिटाला दुसरे पैसे काहून." मी वाचलेला नाही. तिनं चारी बाजूंनी भातानं चिकटवला आहे.


खिल्लारे सरांला पारुबाई चव्हाणचा रामराम.

तुमचं लिहिलेलं वाचलं. माहं अक्षर मोठं हाये म्हनून कागद लय लागंल. म्याडमकून चार कागद घेतले.

तुमी लिहिलं त्या दिवशी तुमाला ऐकू आलं न्हाई. ते खरं हाये पन पुरं न्हाई. मी कानाचं काढून तुमाला दिलं तवा त्याची वायर आवाजाच्या डब्यातून निसटली व्हती. खाली लोंबून राहिली व्हती. कुनालाच ऐकू आलं नसतं. अन् तुमी म्हनले मोटारच हाये. मी तुमच्या तोंडाकडं पाह्यलं तवाच मला कळलं का सरांचे कान गेले अन् सरांला भेव लागलंय. म्हनून मी म्हनले अजून एकडाव ऐका. वायर लावून देनार व्हते. तुमी ऐकलंच न्हाई.

मी कुनाला बोलले न्हाई. तुमची कीव आली म्हनून न्हाई, खोटं कशाला सांगू. सर बहिरे म्हनलं असतं तर खोली बंद पडली असती. आमच्या अख्ख्या तांड्यात खुर्चीवर बसून काम करनारी मी एकलीच व्हते. सावलीत बसायचं, डोळे लावायचे, समुद्र ऐकायचा. मी समुद्र पाह्यला न्हाई पन त्याचं सगळं पोटातलं मला ठाव व्हतं. ती खोली मला पाहिजे व्हती. तुमाला तुमची अब्रू पाहिजे व्हती अन् मला माही खुर्ची. त्या जनावराचं कुनीच पाह्यलं न्हाई. म्हनून म्याडमला मी म्हनले माही चूक. ते रागानं न्हाई म्हनले. माही बी हाये.

म्याडमला वाटतं मी आता खुश हावो. म्याडम चांगल्या हायेत पन थकल्यात, त्याइला सगळं लवकर मिटलेलं पाहिजे.

सर, राग येईल तर येऊ द्या. तुमी एक कागद प्राचार्य साहेबाला लिहिला. एक म्याडमला लिहिला. ते पुस्तकवाल्याला कळलं, बंदरवाल्याला कळलं, केरळात रत्नपालला कळलं. मला झेराक्स भेटली. त्या दिवशी खोलीत आपून दोघंच व्हतो. ऐकायचं काम तुझं अन् ठरवायचं माहं, हे तुमी मला म्हनले व्हते, साहेबाला न्हाई म्हनले. अकरा वरसं झाले, मी मोजून राहिले. मला अजून तुमी काई सांगितलं न्हाई.

मे महिन्याच्या एकतीस तारखेला माहा निरोप हाये. त्याच्या आधी या. नागपूरहून गाडी सकाळची हाये, कनेरगाव नाक्याला पुजा घ्यायला येईल, माही सून, तिला गाडी चालवता येते. खोली न्हाई राह्यली तर आपून व्हरांड्यात बसू. कुनाला बोलवायचं न्हाई. सत्कार न्हाई, नारळ न्हाई.

कागदावर लिहू नका. तोंडानं सांगा. तुमाला ऐकू येत न्हाई त्याची काई अडचन न्हाई, बोलायचं तुमाला हाये. ऐकायचं काम माहं.

पारुबाई